डायलिसिसचा द्रव : घटक, प्रमाण आणि पाण्याची शुद्धता

मूत्रपिंडे निकामी झाल्यावर रक्तातील युरिया, क्रिएटिनिन यांसारखी टाकाऊ द्रव्ये आणि साचलेले जादा पाणी यंत्राच्या साहाय्याने काढून टाकण्याच्या उपचारास हिमोडायलिसिस म्हणतात. या उपचारात डायलायझरमधील सूक्ष्म छिद्रांच्या पडद्याच्या एका बाजूने रक्त वाहते, तर दुसऱ्या बाजूने उलट दिशेने डायलिसिसचा द्रव वाहतो. एखादा पदार्थ ज्या बाजूस अधिक असेल, तेथून तो कमी असलेल्या बाजूकडे सरकतो. युरिया द्रवात मुळीच नसतो, म्हणून तो रक्तातून निघून जातो. बायकार्बोनेट द्रवात अधिक असते, म्हणून ते रक्तात येते. द्रवात काय आहे आणि काय नाही, यावरच उपचाराचा परिणाम अवलंबून असतो.

प्रमुख घटक

द्रवाच्या दर लिटरमध्ये सोडियम साधारणतः १३५ ते १४५ मिलिमोल, म्हणजे जवळजवळ रक्ताइतकेच असते. ते अधिक झाल्यास रुग्णाची तहान व रक्तदाब वाढतो. कमी झाल्यास पायात गोळे येणे, रक्तदाब उतरणे असे त्रास संभवतात. कॅल्शियम १.२५ ते १.७५, मॅग्नेशियम ०.५ ते ०.७५ आणि बायकार्बोनेट ३० ते ४० मिलिमोल असते. शरीरात साठलेल्या आम्लाचा प्रभाव बायकार्बोनेट कमी करते. बहुतेक द्रवांत ग्लुकोजही असते; त्यामुळे उपचारादरम्यान रक्तातील साखर एकदम उतरण्याचा धोका कमी होतो.

सर्वांत नाजूक निर्णय पोटॅशियमचा असतो. निरोगी व्यक्तीच्या रक्तात ते लिटरला सुमारे ३.५ ते ५ मिलिमोल असते. मूत्रपिंडाच्या रुग्णात ते वाढून हृदय बंद पडू शकते; म्हणून द्रवात ते बहुधा २ ते ३ मिलिमोल ठेवतात. मात्र ते फारच कमी ठेवल्यास रक्तातील पोटॅशियम वेगाने घसरते आणि हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका उद्भवतो. त्यामुळे रक्तचाचणी पाहून डॉक्टर हे प्रमाण ठरवतात. एकच द्रव सर्वांना सारखा मानवतो असे नाही.

दोन कॅन कशासाठी?

कॅल्शियम व मॅग्नेशियम हे बायकार्बोनेटच्या तीव्र द्रावणात एकत्र ठेवल्यास त्यांचा साका खाली बसतो. म्हणून आम्लयुक्त ‘पार्ट ए’ आणि बायकार्बोनेटचा ‘पार्ट बी’ वेगळे ठेवून यंत्रात पाण्यासह मिसळले जातात. मिश्रण योग्य झाले की नाही, हे यंत्र विद्युतवाहकता मोजून तपासते व चूक आढळल्यास द्रव रुग्णाकडे जाऊ देत नाही. ही अडचण टाळण्यासाठी १९६० च्या दशकापासून बायकार्बोनेटऐवजी ॲसिटेट वापरले जाई. परंतु त्यामुळे अनेकांचा रक्तदाब उतरत असे व मळमळ होई. पुढे यंत्रे सुधारली आणि बायकार्बोनेट पुन्हा रूढ झाले.

पाणी हाच मोठा घटक

तयार द्रवात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. मिनिटाला ५०० मिलिलिटर या वेगाने चार तासांत १२० लिटर, तर आठवड्यातील तीन उपचारांत ३६० लिटर द्रव रक्ताच्या संपर्कात येतो. पिण्याच्या पाण्यातील दोष आतडी काही प्रमाणात रोखतात; येथे मध्ये केवळ एक पडदा असतो. म्हणून पिण्यायोग्य पाणीही डायलिसिसला चालत नाही. पाण्यातील ॲल्युमिनियममुळे मेंदू व हाडांचे विकार होतात, हे १९७० च्या दशकात लक्षात आले. क्लोरामाइनमुळे तांबड्या रक्तपेशी फुटतात. ते आरओच्या पडद्यातूनही निसटू शकते, म्हणून आधी कार्बन फिल्टर आवश्यक असतो.

ब्राझीलमधील कारुआरू येथे १९९६ मध्ये जलाशयातील पाणी पुरेशी प्रक्रिया न करता टँकरने डायलिसिस केंद्रास पुरवले गेले. त्यातील नीलहरित शेवाळाच्या विषामुळे यकृत निकामी होऊन ५० हून अधिक रुग्ण दगावले.

पोटातील डायलिसिस

पेरिटोनियल डायलिसिसमध्ये निर्जंतुक द्रव पिशवीतून थेट पोटाच्या पोकळीत सोडतात. त्यात बहुधा पोटॅशियम नसते आणि बायकार्बोनेटऐवजी लॅक्टेट असते. शरीरातील जादा पाणी ओढून घेण्याचे काम त्यातील ग्लुकोज करते. ते जितके तीव्र, तितके पाणी अधिक निघते.

भारतात २०१६ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा झाली आणि जिल्हा रुग्णालयांत गरीब रुग्णांसाठी ही सेवा सुरू होऊ लागली. अशा प्रत्येक केंद्रात यंत्रांइतकेच महत्त्व जलशुद्धीकरण संयंत्राला आणि पाण्यातील क्लोरीन, जिवाणू व त्यांच्या विषांच्या नियमित चाचण्यांना आहे.