खेड्याचा आरोग्यसेवक कोण? भोर समिती ते जामखेड

१/ शिकलेला डॉक्टर खेड्यात का जात नाही, हा प्रश्न आजचा नाही. स्वातंत्र्यापूर्वीच त्यावर मोठा वाद झाला होता. त्या वादात न सुचलेले एक उत्तर पुढे महाराष्ट्रातील एका दुष्काळी तालुक्यातील स्त्रियांनी दिले. त्या प्रवासाची ही कथा. 🧵

२/ ब्रिटिश अमदानीत डॉक्टरांचे दोन वर्ग होते: विद्यापीठाचे पदवीधर आणि मेडिकल स्कूलमध्ये तीन-चार वर्षे शिकलेले ‘एल.एम.पी.’. १९४० च्या दशकात पदवीधर सुमारे १७,६०० होते, तर एल.एम.पी. जवळपास ३०,०००. म्हणजे दर पाच डॉक्टरांपैकी तीन एल.एम.पी. होते.

३/ १९४३ मध्ये सरकारने आरोग्यव्यवस्थेच्या पाहणीसाठी समिती नेमली. अध्यक्ष होते मूळ नाशिकचे सर जोसेफ भोर. १९४६ च्या अहवालात बहुमताने ठरले की, यापुढे देशात एकाच दर्जाचा, पदवीधर डॉक्टर घडवावा आणि एल.एम.पी. अभ्यासक्रम बंद करावा.

४/ यामागे तर्क होता. खेड्यातील माणसाला कमी शिकलेला डॉक्टर का द्यावा? दुय्यम वागणुकीला कंटाळलेल्या एल.एम.पी. संघटनांचीही तीच मागणी होती. मात्र समितीतील काही सदस्यांनी भिन्नमत नोंदवले. डॉक्टरांचा एवढा तुटवडा असताना हा मार्ग बंद करणे त्यांना परवडणारे वाटत नव्हते.

५/ बहुमताचा निर्णय टिकला. मेडिकल स्कूले बंद पडली किंवा त्यांची महाविद्यालये झाली. पुण्याचे बी. जे. मेडिकल स्कूल १९४६ मध्येच महाविद्यालय झाले. पदवीधर वाढत गेले. पण त्यांचे शिक्षण शहरातील रुग्णालयांत होई आणि व्यवसायही बहुधा शहरातच थाटला जाई.

६/ १९७० मध्ये वेल्लोर येथे शिकलेले डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दाम्पत्य अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे आले. १९७१ मध्ये तेथील प्रकल्पक्षेत्रात हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती, असे प्रकल्पाच्या नोंदी सांगतात.

७/ आरोळ्यांनी आधी प्रशिक्षित परिचारिका गावोगावी ठेवून पाहिल्या. बाहेरून आलेली एकटी स्त्री परक्या गावात रमेना आणि गावही तिचे ऐकेना. तेव्हा दिशा उलटी करण्यात आली: शिकलेल्या व्यक्तीला गावात धाडण्याऐवजी गावातल्याच स्त्रीला शिकवायचे. निवड गावाने करायची.

८/ यांतील अनेकींना अक्षरओळख नव्हती. कित्येक दलित होत्या. नियमितपणे जामखेडला मुक्काम करून त्या चित्रांच्या व चर्चेच्या आधारे शिकत. गरोदर स्त्रीची तपासणी, स्वच्छ बाळंतपण, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी, बालकाचे वजन, कुष्ठरोग व क्षयाची लक्षणे हा त्यांचा अभ्यासक्रम. सगळ्या जातींच्या स्त्रिया एकत्र जेवत व एकत्र झोपत. तोही शिक्षणाचाच भाग होता.

९/ पुढच्या २५ वर्षांत तेथील बालमृत्युदर तिशीच्या खाली आला. यश केवळ या स्त्रियांचे नव्हते: पाणी, शेती, लसीकरण आणि पाठीशी रुग्णालय हेही होते. पण हे सारे घराघरांत पोहोचवणारा दुवा त्याच होत्या.

१०/ १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथात जामखेडवर प्रकरण आले. १९७८ मध्ये अल्मा आता येथील परिषदेने ‘सर्वांसाठी आरोग्य’ हे ध्येय जाहीर केले. दरम्यान, २ ऑक्टोबर १९७७ रोजी भारत सरकारनेही गावपातळीवरील आरोग्यसेवकांची योजना आणली. मात्र निवडले गेलेले बहुसंख्य सेवक पुरुष होते. माता-बालकांपर्यंत पोहोचणे त्यांना अवघड गेले.

११/ २००५ मध्ये ‘आशा’ आली: साधारण १,००० लोकसंख्येमागे एक, त्याच गावातील स्त्री. जामखेडचा पहिला धडा देशाने घेतला. दुसरा अर्धाच घेतला. जामखेडमध्ये प्रशिक्षण कधी संपत नसे. ‘आशा’साठी आरंभी २३ दिवस ठरले, तेही टप्प्याटप्प्याने. शिवाय ती आजही ‘स्वयंसेविका’च मानली जाते आणि कामागणिक मोबदल्यावर राबते.

१२/ १९४६ चा वाद डॉक्टरने किती वर्षे शिकावे, याचा होता. कोणाला शिकवावे, हे जामखेडने दाखवले. शिकलेल्या त्या स्त्रीला व्यवस्थेत कोणते स्थान द्यावे, हा प्रश्न मात्र अद्याप निकाली निघालेला नाही.