हॉकीची पदरमोड

आमच्या परभणीकडच्या जत्रांत कुस्तीचे इनाम कोणी लावले, हे हलगी थांबवून सर्वांना सांगतात. पहिलवानाइतकेच देणाऱ्याचेही नाव गावाच्या तोंडी राहते. हॉकीच्या इतिहासात मात्र गोल मोजले गेले. पैसे कोणी मोजले, हे फारसे कुणी विचारले नाही.

१९२८ च्या मार्चमध्ये अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकसाठी आपला संघ मुंबईहून बोटीने निघाला. पंधरा हजार रुपये कमी पडत होते, म्हणून दोन खेळाडूंना मागे ठेवण्याची पाळी आली. बंगालमध्ये वर्गणी झाली, तेव्हा त्यांचे जाणे जमले. धक्क्यावर निरोपाला माणसे अवघी तीन! तोच संघ २९ गोल करून, अंगावर एकही न घेता सुवर्णपदकासह परतला, तेव्हा बंदरावर गर्दी मावेना. यश आले की माणसे जमतात. वर्गणीची वही फिरते तेव्हा ती कुठे असतात?

१९३२ साली लॉस एंजेलिसला आपण अमेरिकेवर २४ विरुद्ध १ असा विजय मिळवला. परंतु खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी त्याच विजेत्यांना परतताना युरोपात सामने खेळत फिरावे लागले. खेळाडूंचा खरा आश्रयदाता होती नोकरी. ध्यानचंद पलटणीत होते. पुढे रेल्वे, पोलीस, विमान कंपन्या यांनी कित्येकांच्या चुली पेटत्या ठेवल्या. आपल्या खडकीचे धनराज पिल्ले लहानपणी मोडक्या स्टिकवर खेळ शिकले.

१९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून गवत गेले, कृत्रिम मैदान आले. ते घालायला कोट्यवधी रुपये लागतात आणि सामन्याआधी त्यावर भरपूर पाणी मारावे लागते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आमच्या गावांनी यावर काय बोलावे?

२०१० च्या जानेवारीत पुण्याच्या शिबिरात राष्ट्रीय संघाने मानधनासाठी सराव नाकारला. आणि २०१२ च्या अखेरीस व्यावसायिक लीगच्या लिलावात सरदार सिंगवर ७८ हजार डॉलरची बोली लागली! २०१७ नंतर ती लीग बंद पडली, ती २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा उभी राहिली.

परवा वर्गातल्या एका मुलाने विचारले, "सर, हॉकीत पैसा असतो का?"

मी म्हणालो, "असतो, बाळ. पण तो मिळतो नाव झाल्यावर; लागतो मात्र आधी."

मधली ती वाट कुणाच्या तरी पदरमोडीनेच पार होते. त्या माणसाचे नावही एकदा हलगी थांबवून सांगायला नको काय?