कमरेचं पिस्तूल आणि नागपूरचा विसरलेला सत्याग्रह

परवा तालुक्यातल्या एका कंत्राटदार मित्राचा फोन आला. "भाऊ, लायसन झालं. आता सांगा, रिव्हॉल्व्हर घेऊ का पिस्तूल? शर्टाखाली दिसाले नाही पाहिजे." गडी रेतीच्या धंद्यात आहे. दोनदा धमकी आलीय. भीती खरी, म्हणून हसण्यावारी नेलं नाही.

जे माहीत होतं ते सांगितलं. रिव्हॉल्व्हर जाड, पण साधं, अडकत नाही. पिस्तूल चपटं, कमरेला लपतं. पण हात बसलेला नसेल तर ऐन वेळी अडकतं. दोन्हीवर .३२ लिहिलेलं असलं तरी दोघांच्या गोळ्या वेगळ्या. त्यानं विचारलं, "पण .३२च काऊन?"

इथून इतिहास सुरू होतो, राजेहो.

.४५५ आणि .३८ या इंग्रजांच्या लष्करी गोळ्या. त्या रयतेच्या हाती पडू नयेत ही काळजी. साहेब गेला, पण ही विभागणी राहिली. आजही .३८ आणि ९ मिमी सामान्य माणसाला बंद, आणि .३२ वर आपलं समाधान.

मूळ कायदा १८७८ चा, लॉर्ड लिटनचा. त्याच साली, त्याच लिटननं देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही आणला. लेखणी आणि बंदूक, दोन्हीची भीती एकदमच वाटली म्हणायची. शस्त्र कायद्यातून गोऱ्यांना सूट होती. परवाना मागत फिरायचं ते नेटिवानं.

याविरुद्ध नागपूर रस्त्यावर उतरलं होतं, हे आज किती नागपूरकरांना ठाऊक आहे? १९२७ साली मंचरशा आवारी या पारशी तरुणानं उघडपणे तलवारी घेऊन मिरवणुका काढल्या आणि शस्त्र कायदा मोडला. मागणी होती, बंगालमध्ये विनाचौकशी डांबलेल्या राजबंद्यांना सोडा. लोक त्यांना 'जनरल आवारी' म्हणू लागले. त्यांना तुरुंगवास झाला, तिथं त्यांनी दीर्घ उपोषण केलं. पुढे १९७७ मध्ये त्यांचे चिरंजीव गेव आवारी नागपूरचे खासदार झाले.

गांधीजींनी या तलवारीच्या सत्याग्रहाला पाठिंबा दिला नाही. पण म्हणून त्यांना शस्त्र कायदा मान्य होता असं नाही. १९३० च्या जानेवारीत त्यांनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या. त्यांत मीठकर होता, दारूबंदी होती, आणि स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्या, पण त्यावर लोकांचं नियंत्रण ठेवा, हीही मागणी होती. अहिंसेच्या माणसाची ही मागणी आपण सोयीस्कर विसरलो.

१९४८ च्या डिसेंबरात हा प्रश्न घटना समितीत आला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे सदस्य ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क मागितला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विरोध केला. असा हक्क सरसकट दिला तर तो गुन्हेगारालाही मिळेल, हा त्यांचा मुद्दा. दुरुस्ती फेटाळली गेली. मला बाबासाहेबांचं म्हणणं पटतं.

मग आला १९५९ चा कायदा. त्यात एक सुंदर कलम आहे: अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. कागदावर गरीब-श्रीमंत सारखे. आणि प्रत्यक्षात? दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर, २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्यानं महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' हे अर्ध्या किलोचं रिव्हॉल्व्हर काढलं. किंमत लाखाच्या वर. रात्रपाळी करून घरी जाणाऱ्या कोणत्या पोरीला ते परवडणार होतं?

आणखी एक गंमत. २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलंच न्यावं लागतं. म्हणजे लपवणं हा कायदाच आहे. पण आपल्याकडे पिस्तूल घेतात ते दाखवायला! वाढदिवसाच्या रीलमध्ये, लग्नाच्या वरातीत. हवेत गोळ्या झाडणाऱ्यांसाठी २०१९ मध्ये दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद करावी लागली. सरपंच संतोष देशमुखांच्या हत्येनंतर कळलं की एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेवर परवाने होते. पुढे त्यातले कित्येक रद्द झाले. मग आधी दिले कसे, हा प्रश्न कुणी विचारायचा?

मित्राला शेवटी विचारलं, "धमकीची तक्रार दिली होती का?"

"कोण ऐकते, भाऊ?"

दुखणं इथं आहे. ज्याचं ठाण्यात ऐकलं जात नाही आणि ज्याच्याकडे पैसा आहे, तो पिस्तूल घेतो. रात्री नदीवर रेतीचे ट्रक अडवणारा तलाठी काय घेतो? त्याच्या हातात फक्त पावतीपुस्तक असतं. माझ्या मित्राचेही ट्रक त्याच रस्त्यानं जातात.

पिस्तूल कोणतं घ्यायचं, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.