सल्ला आणि सक्ती : इंग्लिश फुटबॉलच्या तिकिटाचा इतिहास

१/ १५ एप्रिल १९८९. शेफील्डमधील हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यातील एफए कपचा उपांत्य सामना सुरू झाला आणि अवघ्या सहा मिनिटांत थांबवावा लागला. जाळीच्या कुंपणांनी बंदिस्त केलेल्या कप्प्यांत लिव्हरपूलचे चाहते चेंगरत होते. या दुर्घटनेने एकूण ९७ बळी घेतले. इंग्लंडमध्ये फुटबॉलचा सामना कोणी, कसा आणि किती पैशांत पाहावा, याचा इतिहास त्या दिवशी दुभंगला.

२/ त्याचा पूर्वार्ध गिरणी कामगारांचा आहे. १८५० च्या कायद्याने इंग्लंडमधील कापड गिरण्यांत शनिवारचे काम दुपारी दोन वाजता थांबू लागले आणि कामगाराला अर्धा दिवस मोकळा मिळाला. १८८८ मध्ये १२ संघांची फुटबॉल लीग सुरू झाली. तिचे बहुतेक संघ लँकेशायर आणि मिडलँड्समधील औद्योगिक गावांचे होते. १८९० मध्ये लीगने प्रौढांसाठी किमान प्रवेशशुल्क ठरवले : सहा पेन्स.

३/ त्या सहा पेन्सात आसन मिळत नसे. गोलच्या मागे आणि मैदानाच्या कडेला मातीच्या उतारावर किंवा काँक्रीटच्या पायऱ्यांवर उभे राहायचे. हाच ‘टेरेस’. फिरत्या फाटकावर नाणी द्यायची आणि आत शिरायचे. हंगामी तिकीट तेव्हाही होते, पण टेरेसवरील बहुसंख्यांना त्याची गरज नसे. ज्या आठवड्यात खिशात पैसे, त्या आठवड्यात सामना. ज्यांच्या हाती मजुरी आठवड्याला पडे, त्यांना ही व्यवस्था सोयीची होती.

४/ या टेरेसांपैकी सर्वांत ख्यातनाम म्हणजे लिव्हरपूलच्या ॲनफील्ड मैदानावरील ‘कॉप’. १९०६ मध्ये उभारलेल्या या उंच उताराला नाव मिळाले ते दक्षिण आफ्रिकेतील स्पायन कॉप टेकडीवरून. जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धात तेथे लँकेशायरचे अनेक सैनिक पडले होते. त्याच रणभूमीवर जखमींना डोलीतून वाहून नेणाऱ्या भारतीय शुश्रूषा पथकात मोहनदास गांधी होते. एकेकाळी कॉपवर सुमारे २८ हजार माणसे मावत.

५/ मात्र या स्वस्ताईची किंमत अधूनमधून जिवांनी मोजली जात होती. १९४६ मध्ये बोल्टनच्या बर्न्डन पार्कवर चेंगराचेंगरीत ३३ जण दगावले. १९७१ मध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्सवर जिन्यात ६६ जण चिरडले गेले. ११ मे १९८५ रोजी ब्रॅडफर्डमधील लाकडी प्रेक्षागाराला आग लागून ५६ जणांचा अंत झाला. दर वेळी चौकशी झाली, १९७५ मध्ये क्रीडांगण सुरक्षेचा कायदाही आला, तरी जुनी मैदाने बहुतांशी जुनीच राहिली.

६/ हिल्सबरोनंतर दोष चाहत्यांवर ढकलण्याचा प्रयत्न झाला. चौकशीसाठी नेमलेले न्यायमूर्ती पीटर टेलर यांनी ऑगस्ट १९८९ च्या अंतरिम अहवालातच तो फेटाळला. गर्दीचे नियंत्रण करण्यात पोलिसांना आलेले अपयश हेच प्रमुख कारण असल्याचे त्यांनी नोंदवले. मृतांच्या कुटुंबांना मात्र त्यापुढेही दीर्घ लढा द्यावा लागला. हे मृत्यू बेकायदा कृतीमुळे घडले आणि चाहत्यांचा त्यात दोष नव्हता, असा निर्णय ज्यूरीने दिला तो २०१६ मध्ये.

७/ टेलर यांचा अंतिम अहवाल जानेवारी १९९० मध्ये आला. त्यात ७६ शिफारशी होत्या. सर्वांत गाजलेली शिफारस अशी की, मोठ्या मैदानांवर उभे राहण्याची प्रथा टप्प्याटप्प्याने संपवून प्रत्येक प्रेक्षकाला आसन द्यावे. सरकारने ती स्वीकारली. पुढे वरच्या दोन श्रेणींतील संघांसाठी ऑगस्ट १९९४ ची मुदत ठरली. खालच्या दोन श्रेणींना १९९२ मध्ये यातून सूट मिळाली.

८/ याच अहवालात आणखी एक विचार होता, जो आज फारसा कोणाला आठवत नाही. आसनासाठी थोडे अधिक पैसे घेतले जातील, हे टेलर यांना मान्य होते. तथापि, आजवर उभे राहणाऱ्यांच्या खिशाला परवडतील अशी काही स्वस्त आसने ठेवणे शक्य असले पाहिजे, असे त्यांनी लिहिले. उदाहरण दिले आयब्रॉक्सचे : उभ्याने पाहण्यास ४ पौंड, बसून पाहण्यास ६ पौंड.

९/ पुढील तीन दशकांचे मर्म इथेच आहे. आसनांची शिफारस परवान्याची अट झाली. ती न पाळणाऱ्या संघाला मैदान उघडता येणार नव्हते. दराविषयीचा विचार मात्र केवळ सल्ला राहिला. तो पाळला न पाळला, तरी कोणी जाब विचारणार नव्हते. एकाच अहवालाच्या या दोन भागांपैकी ज्याला सक्तीचे बळ मिळाले तो काँक्रीटमध्ये उतरला, आणि दुसरा कागदावर राहिला.

१०/ मैदाने नव्याने बांधण्याचा सगळा भार संघांवर पडला, असेही नव्हे. १९९० च्या अर्थसंकल्पात सरकारने फुटबॉल पूल या पैजांवरील कर अडीच टक्के बिंदूंनी घटवला. त्यातून पाच वर्षांत सुमारे १० कोटी पौंड मैदानांच्या सुधारणेसाठी उपलब्ध व्हावेत, अशी योजना होती. सार्वजनिक तिजोरीने सोडलेल्या या पैशांच्या बदल्यात तिकीटदराची कोणतीही मर्यादा संघांवर घातली गेली नाही.

११/ उरलेल्या खर्चासाठी काही संघ थेट चाहत्यांकडे वळले. १९९१ मध्ये आर्सेनलने रोखे विक्रीस काढले. हजार पौंडांहून अधिक रक्कम भरायची आणि त्या बदल्यात हंगामी तिकीट विकत घेण्याचा हक्क मिळवायचा. म्हणजे तिकिटाचे पैसे निराळे, आणि ते विकत घेता यावे याचे पैसे निराळे. वेस्ट हॅमनेही अशीच योजना आणली, तेव्हा त्यांच्या चाहत्यांनी हंगामभर आंदोलन केले आणि मैदानात उतरून निषेध नोंदवला.

१२/ ऑगस्ट १९९२ मध्ये २२ संघांची प्रीमियर लीग सुरू झाली. दूरचित्रवाणी हक्कांचा पाच वर्षांचा करार ३० कोटी ४० लाख पौंडांचा होता. १९४८-४९ च्या हंगामात लीगच्या सामन्यांना चार कोटींहून अधिक प्रेक्षक आले होते. १९८५-८६ मध्ये ती संख्या सुमारे १ कोटी ६५ लाखांवर घसरली होती. आता पैसा आला, नवी मैदाने आली, आणि प्रेक्षकही परतू लागले.

१३/ ३० एप्रिल १९९४ रोजी कॉपवर चाहते शेवटचे उभे राहिले. नॉर्विचने तो सामना १-० असा जिंकला, पण निकालाला त्या दिवशी महत्त्व नव्हते. उन्हाळ्यात जुना उतार पाडला गेला आणि त्या जागी सुमारे १२,४०० आसनांचे प्रेक्षागार उभे राहिले. जागा तीच, माणसे निम्म्याहून कमी. मागणी वाढत असताना पुरवठा आटला, तर दराचे काय होते, हे सांगण्यास अर्थतज्ज्ञाची गरज नाही.

१४/ १९८९-९० मध्ये कॉपवरील तिकीट ४ पौंडांना मिळत होते. २०११ मध्ये तेथील प्रौढांचे सर्वांत स्वस्त तिकीट सुमारे ४५ पौंडांचे होते. या काळात ब्रिटनमधील एकूण महागाई साधारण ७७ टक्क्यांनी वाढली. त्याच गतीने तिकीट वाढले असते, तर ते जेमतेम ७ पौंडांचे झाले असते.

१५/ दराइतकाच बदल पैसे देण्याच्या रीतीत झाला. आसने मोजकी, म्हणून फाटकावर रोख देऊन शिरण्याचे दिवस मोठ्या संघांपुरते संपले आणि हंगामी तिकीट हाच खात्रीचा मार्ग ठरला. संघाला सामने नसलेल्या उन्हाळ्यात एकरकमी पैसा हाती येतो, चाहत्याला वर्षभराची जागा मिळते. परंतु ज्याला आठवड्याचा हिशेब करून जगावे लागते, त्याने शेकडो पौंड एकदम आणायचे कोठून? शिवाय एकदा तिकीट सोडले, की प्रतीक्षायादीच्या शेवटी जावे लागते.

१६/ संघांची बाजूही नोंदवली पाहिजे. नवी मैदाने निःसंशय अधिक सुरक्षित झाली. कुटुंबासह येणे सोपे झाले. चांगल्या खेळाडूंचे वेतन वाढत होते आणि मैदाने तर भरतच होती. ग्राहक पैसे मोजतो आहे, मग दर अवाजवी कसा, असा त्यांचा सवाल. त्यावर चाहत्यांचे उत्तर एकच : भाजी महाग वाटली तर माणूस शेजारच्या दुकानात जातो, पण आपला संघ कोणी बदलत नाही.

१७/ या कथेत आणखी एक वर्ग आहे, ज्याला जुन्या टेरेसवर जागाच नव्हती : दिव्यांग प्रेक्षक. दाटीच्या पायऱ्यांवर व्हीलचेअर नेणे अशक्य होते. अनेक ठिकाणी त्यांना मैदानाच्या अगदी कडेला, पावसात, चेंडूच्या माऱ्यात बसवले जाई. १९९० नंतर देशभर मैदाने नव्याने बांधली जात होती. उतार, लिफ्ट, दृष्टी अडणार नाही अशा उंच जागा, हे सारे आराखड्यातच सामावून घेण्याची ती अपूर्व संधी होती.

१८/ ती संधी बऱ्याच अंशी वाया गेली. १९९५ मध्ये अपंगत्वावरून भेदभाव रोखणारा कायदा आला, पुढे २०१० च्या समानता कायद्याने त्याची जागा घेतली. दोन्हींत ‘वाजवी फेरबदल’ करण्याची जबाबदारी होती. वाजवी म्हणजे किती, हे मैदानांसाठी एका मार्गदर्शिकेने आकड्यांत सांगितले : ४० हजारांपुढील मैदानात व्हीलचेअरसाठी किमान २१० जागा, आणि त्यापुढील प्रत्येक हजार आसनांमागे आणखी २.

१९/ मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डची क्षमता ७५ हजार. या सूत्राने तेथे २८० जागा हव्या होत्या. प्रत्यक्षात सुमारे १२० होत्या. हे एकाच संघाचे दुखणे नव्हते. २०१४ मध्ये बीबीसीने केलेल्या पाहणीत सर्वोच्च श्रेणीतील २० पैकी १७ संघ व्हीलचेअरच्या जागांत कमी पडत असल्याचे दिसले. मार्गदर्शिका होती, पण तीही सल्लाच होती.

२०/ संसदेत आणि वृत्तपत्रांत टीका वाढली, तेव्हा सप्टेंबर २०१५ मध्ये प्रीमियर लीगने ऑगस्ट २०१७ पर्यंत निकष पूर्ण करण्याचे वचन दिले. मुदत संपली तेव्हा सर्व संघ ते पाळू शकले नव्हते. ओल्ड ट्रॅफर्डवर नव्या जागांसाठी मैदानाची क्षमता घटवण्याचा आणि दोन हजारांहून अधिक हंगामी तिकीटधारकांना दुसरीकडे हलवण्याचा निर्णय झाला. १९९० च्या दशकात आराखड्यात जे सहज बसले असते, त्यासाठी आता कोणाची तरी वर्षानुवर्षांची जागा हलवावी लागत होती.

२१/ दराच्या आघाडीवरही २०१६ हे वर्ष निर्णायक ठरले. ॲनफील्डच्या नव्या प्रेक्षागारात ७७ पौंडांचे तिकीट जाहीर झाले. ६ फेब्रुवारीला संडरलँडविरुद्ध ७७ व्या मिनिटाला सुमारे १० हजार चाहते उठून बाहेर पडले. तेव्हा लिव्हरपूल २-० ने पुढे होते. सामना २-२ असा सुटला. चार दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली.

२२/ पुढच्याच महिन्यात प्रीमियर लीगच्या संघांनी पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठी तिकिटाची कमाल मर्यादा ३० पौंड ठरवली. अनेक वर्षे चाललेल्या चाहत्यांच्या मोहिमेचे हे फळ होते. त्या मर्यादेची मुदत पुढे वेळोवेळी वाढवली गेली. घरच्या चाहत्यांच्या तिकिटांना आणि हंगामी तिकिटांना मात्र अशी कोणतीही सीमा लागली नाही.

२३/ दुसरा मार्ग अशक्य होता का? जर्मनीकडे पाहिले तर तसे दिसत नाही. तेथे सुरक्षेचे नियम कडक झाले, पण उभे राहण्याच्या जागा राहिल्या. डॉर्टमुंडच्या दक्षिण प्रेक्षागारात आजही २४ हजारांहून अधिक चाहते उभे राहतात, आणि ते तिकीट आसनाच्या तिकिटाहून बरेच स्वस्त असते. संघाच्या मताधिकारात सभासदांचे बहुमत राखणारा ‘५० अधिक १’ हा नियम तेथील बहुतेक संघांना बांधील आहे. त्यामुळे दर ठरवणाऱ्यांना चाहत्यांचा विचार करावाच लागतो.

२४/ जानेवारी २०२२ मध्ये इंग्लंडमध्येही निवडक मैदानांवर कठड्यांसह सुरक्षितपणे उभे राहण्याचा प्रयोग सुरू झाला आणि त्याच वर्षीच्या नव्या हंगामापासून परवाने मिळू लागले. परंतु अट अशी की, एका आसनामागे एकच माणूस. म्हणजे गर्दी वाढणार नाही, आणि त्या आधारे दर उतरण्याचे कारणही नाही. शिवाय पुढचे प्रेक्षक उभे राहिले तरी व्हीलचेअरवरील प्रेक्षकाची दृष्टी अडू नये, याची काळजी निराळी घ्यावी लागते.

२५/ २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेने फुटबॉल प्रशासनाचा कायदा मंजूर केला. स्वतंत्र नियामक आला. तिकीटदरांतील बदलांविषयी चाहत्यांशी सल्लामसलत करण्याचे बंधन संघांवर आले. दर किती असावा, हे मात्र कायदा सांगत नाही. टेलर यांच्या त्या विसरलेल्या परिच्छेदाला ३५ वर्षांनी निम्मी सक्ती लाभली : विचारावे लागेल, ऐकावेच लागेल असे नाही.

२६/ हिल्सबरोनंतर इंग्लंडने माणसांचे जीव वाचवणारी मैदाने बांधली, आणि ती कामगिरी लहान नाही. त्या मैदानांत कोण बसणार, हा प्रश्न मात्र सद्‌भावनेवर सोडला गेला. सहा पेन्सवाल्याच्या नातवाला आणि व्हीलचेअरवरील चाहत्याला आत येण्यासाठी जे काही मिळाले, ते बहुतेक वेळा कोणीतरी उठून बाहेर पडल्यावर, आवाज उठवल्यावर किंवा कायदा दाखवल्यावरच मिळाले.