आमरीचं मूळ मातीत का सडतं?



बांधावरच्या जुन्या आंब्यावर कधी कधी जाड पानांचा, लोंबत्या पांढऱ्या मुळांचा वांदा दिसतो. बांडगूळ समजून आपण तो तोडतो. पण बांडगूळ झाडाचा रस ओढतं, वांदा नुसता सालीला धरून राहतो. ही आमरी, म्हणजे ऑर्किड. 'वंदा' या आपल्याच जुन्या शब्दावरून विल्यम जोन्स यांनी १७९५ मध्ये या वंशाचं 'वँडा' हे नाव शास्त्रात नेलं.

मागं वादळात पडलेला एक वांदा मी घरी आणला. काळी माती, शेणखत, रोज पाणी. महिनाभरात मुळं काळी पडून सडली.

पुढं वाचलं तर कळलं, इंग्लंडच्या मोठमोठ्या बागांतही हेच झालं होतं. उष्ण देशांतून जहाजानं आणलेल्या आमऱ्या कुंडीत घट्ट दाबून, कोंदट तापलेल्या काचघरात ठेवायचे. ढिगानं झाडं मेली. १८१७ च्या सुमारास जोसेफ बँक्स यांनी काटक्यांच्या टोपलीत शेवाळ भरून आमरी लावली. १८३५ मध्ये चॅट्सवर्थच्या बागेतून जॉन गिब्सन नावाचा माळी भारतात आला आणि खासी टेकड्यांतल्या आमऱ्या घेऊन गेला. तिथले मुख्य माळी जोसेफ पॅक्सटन यांनी काचघरात वारा खेळता ठेवला, ऊब बेताची केली. तेव्हा कुठं झाडं जगायला लागली.

कारण मुळातच आहे. वांद्याच्या मुळावर स्पंजासारखं आवरण असतं. पाणी पडलं की ते झटकन पितं आणि मूळ हिरवं दिसतं. वाऱ्यानं वाळलं की परत पांढरं होतं. सतत ओलं राहिलं तर हवा मिळत नाही आणि मूळ कुजतं. आपण शेतात वाफसा बघतो ना, तीच गोष्ट. पाणी साचलेल्या रानात हळदीचा कंदसुद्धा असाच सडतो.

आता मी जुन्या मडक्याला चहूबाजूंनी भोकं पाडतो. आत लाकडी कोळसा, विटांचे तुकडे आणि रात्रभर भिजवून धुतलेलं नारळाचं सोडण. मातीचा कणही नाही. मडकं सावलीत टांगायचं, मूळ पांढरं दिसलं की सकाळी पाणी द्यायचं. आपल्याकडं उन्हाळ्यात हवा कोरडी, त्यामुळं तेव्हा रोज लागतं. झडीत अजिबात नाही.

झाडावरचा वांदा मात्र झाडावरच राहू द्या. फांदी तोडावीच लागली तर तो सालीसकट काढून शेजारच्या आंब्याला सुतळीनं बांधा. तुमच्या बांधावर वांदा उरलाय का? बघून सांगा.