लेफ्ट हँड पाथ म्हणजे काय? देवापुढे न झुकणारी साधना

'लेफ्ट हँड पाथ' म्हटलं की अनेकांना सैतानाची पूजा आठवते. पण हे नाव आलंय भारतातून. तंत्रातल्या 'वाममार्गा'चं ते इंग्रजी भाषांतर. 19व्या शतकात थिऑसॉफिकल सोसायटीच्या मादाम ब्लाव्हात्स्की यांच्या लेखनातून ते पाश्चात्त्य गूढविद्येत पसरलं, तेही 'वाईट मार्ग' या अर्थाने.

पुढे काहींनी हेच नाव अभिमानाने स्वीकारलं. त्यांची भूमिका अशी: कुणाला शरण जायचं नाही, 'मी'पण विरघळू द्यायचं नाही, उलट ते घडवायचं. अँटन लावे यांनी 1966 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'चर्च ऑफ सेटन' स्थापन केलं. त्यांच्यासाठी सैतान देव नव्हता, बंडखोरीचं प्रतीक होता.

वाममार्ग मात्र वेगळा आहे. त्यात मद्य-मांसासारख्या निषिद्ध गोष्टी साधनेत येतात, पण गुरूशिवाय पुढे जाता येत नाही आणि अहंकार गळून पडणं अपेक्षित असतं.

शरणागती नाकारणाऱ्यांनाही अधिकाराचा प्रश्न सुटलेला नाही. चर्च ऑफ सेटनमध्येही पुरोहित होते. ही पदं कशी द्यायची, यावरून वाद झाला. मायकेल अक्विनो बाहेर पडले आणि 1975 मध्ये त्यांनी 'टेंपल ऑफ सेट' काढलं. तिथेही पायऱ्या आणि पुरोहित आलेच.