बाहुलीच्या वाटेने

मलकपेठेतील आम्हां जुन्या मराठी घरांतून मोडीचे कागद अजून जपलेले आहेत. ते वाचणारे डोळे मात्र वयाने आणि मधुमेहाने मंदावत चालले आहेत. म्हणून डोळ्याच्या आत पाहण्याच्या विद्येचा इतिहास आम्हांस परका वाटत नाही.

दृष्टिपटल हे डोळ्याच्या तळाचे नाजूक अस्तर. तेथवर नजर पोहोचण्याची वाट बाहुलीची, आणि तीही अंधारी. १८५१ साली हेल्महोल्ट्झ यांचा नेत्रदर्शक प्रसिद्ध झाला व जिवंत माणसाचे दृष्टिपटल वैद्यांना दिसू लागले. परंतु पाहणे वेगळे आणि पाहता पाहता हात चालविणे वेगळे. १९४०च्या दशकात शेपेन्स यांनी डोक्यावर बांधावयाचे, दोन्ही डोळ्यांनी पाहण्याचे यंत्र घडविले. हात मोकळे झाले, खोलीची जाण आली. १९७०च्या सुमारास मायामीत माखेमर यांनी बारीक छिद्रातून शिरून रक्ताने गढुळलेला काचद्रव काढण्याची रीत घातली.

तरीही अडचण उरलीच. बुबुळावरच्या सपाट भिंगातून तळाचा लहानसा भागच दिसे; कडेची फाट नजरेआड राही. १९८७ साली स्पिट्झनास यांनी डोळ्यास न टेकणारे भिंग सूक्ष्मदर्शकाखाली बसविण्याची युक्ती मांडली. दृश्य विस्तारले, पण उलटे दिसू लागले. ते सुलट करण्यासाठी आणखी एक जोड द्यावी लागली. पुढे २०००च्या सुमारास पारदर्शक पापुद्रे रंगवून दाखविण्याची पद्धत आली, तर गेल्या दशकात त्रिमिती पडद्याकडे पाहून शस्त्रक्रिया होऊ लागल्या.

आमच्या नगरीला हा धडा नवा नाही. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी सूक्ष्मदर्शकातून डासाच्या जठरात हिवतापाचे परजीवी पाहिले. आधी दिसले, मग उपाय सुचले. १९८७ मध्येच हैदराबादेत एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था उभी राहिली आणि मुसीपलीकडे उपचाराची एक मोठी सोय झाली.

परंतु शल्यवैद्याची नजर कितीही रुंदावली तरी मेलेले दृष्टिपटल तिला जिवंत करता येत नाही. मधुमेहाने होणारी ही हानी दुखत नाही आणि बहुधा उशिरा कळते. म्हणून मधुमेह असणाऱ्याने, दिसण्याची तक्रार नसली तरी, वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्याचा तळ तपासून घ्यावा. वैद्याला आत पाहता यावे यासाठी दीडशे वर्षे खपली. आपण त्याच्यासमोर वेळेवर बसावे, एवढेच आपल्या हाती आहे.